नॉन-रिटर्न

इरफान तांबोळी आमच्याकडे झडपांची ड्रॉइंगं काढतो.
पाण्याच्या, वाफेच्या, तेलाच्या झडपा.
सव्वा वर्ष झालं, घरूनच काढतो,
गुरुवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर.
कॉम्प्युटरवर, हो; पण आमच्या मालकांना कागद लागतो, कागदावर सही लागते,
म्हणून मी, डिस्पॅचचा देवकुळे,
नळकांडी स्कूटरला बांधून नेतो-आणतो.

आधी मला वाटलं, कामचुकार.
खोटं कशाला सांगू, बोललोही तसं,
डब्याच्या वेळी, लोणच्याची फोड चोखत:
याचं बरंय, घरी बसून पगार.
हसले सगळे.
लोणचंही चांगलं मुरलं होतं.

मग एकदा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर
रस्त्याकडे पाठ करून त्यानेच सांगितलं.
जेधे चौकात सिग्नल सुटतो ना,
तेव्हा चारी बाजूंनी रस्ता नुसता वाढत जातो,
धरायला काठच सापडत नाही.
जीभ कोरडी, हात दुसऱ्या कुणाचे तरी,
वाटतं आता इथेच, एवढ्या लोकांत, आता.
लिफ्टमध्ये तेच. मीटिंगचं दार लागलं की तेच.
"नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बांधता ना तुम्ही, देवकुळे?
आत सोडतो, माघारी सोडत नाही.
मला कंपनीचं फाटक तसं दिसतं."

तेवीस वर्षं मी त्या व्हॉल्व्हची खोकी बांधली.
वजन माहीत होतं फक्त.

लोंढे मॅडमनी त्याला विचारलं,
काय केलं तर जमेल, तूच लिहून दे.
त्याने ड्रॉइंगच्या कागदावरच दिलं, मापांसकट:
खुर्ची दारापासून चार फुटांवर, पाठ भिंतीला.
मीटिंगला दार उघडं.
उठून गेलो तर कुणी मागे येऊ नये,
आल्यावर कुणी काय झालं विचारू नये.
अंगठ्याच्या मशीनची रांग नको.
यायची वेळ अकरानंतर.
आणि खाली उजव्या कोपऱ्यात, नावाच्या चौकोनात, बारीक अक्षरात:
अर्ध्या वाटेवरून परतलो तर तो दिवस वाया गेला असं धरू नये.
मॅडमनी 'मंजूर'च्या रकान्यात सही ठोकली.

पहिल्या आठवड्यात पिठाच्या गिरणीपर्यंत.
पुढच्या आठवड्यातही पिठाच्या गिरणीपर्यंत.
मग कोपऱ्यावरचा किल्लीवाला. मग पुन्हा गिरणी.
एका गुरुवारी त्याचा चेहरा बरा दिसला
आणि मला शहाणपण सुचलं.
"चल रे, काही होत नाही," म्हणालो
आणि स्कूटर थेट स्वारगेटच्या दिशेने सोडली.

चौकात तो उतरला. दुभाजकावर बसला, हेल्मेट न काढता.
मागून पीएमटी हॉर्नवर हॉर्न.
मी बाजूला उभा, नळकांडं छातीशी धरून,
मला काय करायचं ते कुठल्याच ड्रॉइंगवर नव्हतं.
पुढचे पाच आठवडे
कागद त्याच्या आईने दारातूनच घेतले.
पाणीही विचारलं. मी नको म्हणालो.

आता मी एवढंच विचारतो: आज कुठवर?
तो सांगतो. तिथे स्कूटर वळवतो.
तोंडातून 'अरेरे' निघू देत नाही.
ही गोष्ट ऐकायला सोपी आहे.

परवा शुक्रवारी तो आला.
अकरा चाळीसला, फाटकातून, जिन्याने, खुर्चीपर्यंत.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तसं ठरलंच होतं.
पाटोळेने सवयीने एसीसाठी दार ओढलं
आणि आम्ही सगळे लोणचेवाले एकदम:
राहू दे, राहू दे.
उकडत होतं.
उकडू दे.

बारा दहाला उठला. मी सोडून आलो.
परत येऊन कप विसळायला घेतला, अर्धा चहा तसाच.
शनिवारी आला नाही.

आज सोमवार. नळकांडं बांधलंय.
हेल्मेटं दोन घेतलीत.